हप्ता किती ते राहू द्या, आधी एकूण किती ते विचारा

नागपुरात बर्डीला मोबाइलच्या दुकानात पाय ठेवला की काउंटरवरचा मुलगा फोनची किंमत सांगायच्या आधी विचारतो, "काका, महिन्याला किती जमून राहिलं ते सांगा, बाकी मी पाहतो." या प्रश्नाला उत्तर देऊ नका. महिन्याचा आकडा एकदा तोंडातून गेला की पुढचं सगळं त्या आकड्यात बसवलं जातं. मुदत वाढते, डाउन पेमेंट सरकतं, एखादी वॉरंटी चिकटते आणि किंमत हा विषयच मागे पडतो. आधी विचारायचं, "आत्ता पूर्ण पैसे दिले तर शेवटचा भाव काय?" तो आकडा कागदावर लिहून घ्यायचा आणि मगच हप्त्याकडे वळायचं.

आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टवर फोन मिळत नाही, म्हणून आपण मोकळे, असा एक समज आहे. अमेरिकेत सिम कंपनी ८०० डॉलरचा फोन "फुकट" देते म्हणजे तो ३६ महिन्यांत विभागते. दर महिन्याच्या बिलात २२ डॉलर २२ सेंट लावते आणि तेवढेच सवलत म्हणून वजा करते. १८ व्या महिन्यात कंपनी सोडली की सवलत बंद होते आणि उरलेले ४०० डॉलर अंगावर येतात. शिवाय बहुतेक वेळा फोन तोवर त्याच कंपनीच्या सिमला बांधलेला. आपल्याकडे दहापैकी नऊहून जास्त ग्राहक प्रीपेडवाले. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ८४ दिवसांचं रिचार्ज ८५९ रुपयांच्या घरात गेलं, म्हणजे त्या भावाने वर्षाचे पावणेचार हजारही होत नाहीत. एवढ्याशा कमाईतून कंपनी २५ हजारांचा फोन कुठून देणार? २००३ च्या जुलैत रिलायन्सने 'मान्सून हंगामा'त ५०१ रुपये घेऊन हँडसेट हातात दिले होते, बाकी पैसे महिन्या-महिन्याला. ते सीडीएमए तंत्राचे, सिम नसलेले हँडसेट दुसऱ्या कंपनीच्या उपयोगाचे नव्हते, तरी कितीतरी जणांनी पुढचे पैसे भरलेच नाहीत. त्यानंतर आपल्याकडे हा धंदा सिम कंपन्यांच्या हातून फायनान्स कंपन्यांकडे गेला. म्हणजे कॉन्ट्रॅक्ट आहेच, फक्त सिमशी नाही, कर्जाशी आहे. आणि तसं ते दुकानात कोणी समजावून सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

आता हिशोब. फोनचा भाव २४,००० धरू आणि रोखीने किंवा कार्ड एकदाच स्वाइप करून १,५०० ची सूट मिळते असं धरू. म्हणजे खरी किंमत २२,५००.

पहिला रस्ता क्रेडिट कार्डावरचा नऊ महिन्यांचा 'नो कॉस्ट' ईएमआय. बँक व्याज लावतेच. वर्षाला १६ टक्के धरले तर नऊ महिन्यांचं व्याज होतं सुमारे १,५२५ रुपये. तेवढीच रक्कम आधी किमतीतून कमी दाखवतात, म्हणून हप्त्यांची बेरीज बरोबर २४,००० येते आणि माणूस खूश होतो. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, सुमारे २७५ रुपये, आणि तो तुम्ही भरता. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसह २३५. झाले ५१० आणि रोखीची १,५०० ची सूट गेली ती वेगळीच. दोन हजार रुपये जास्त गेले. २२,५०० च्या फोनवर नऊ महिन्यांत दोन हजार म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के, वर्षाला २१ टक्के. शून्य टक्क्याच्या नावाखाली व्याज असं लपवलं जातं, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच सांगून अशा योजनांना मनाई केली होती. नंतर 'झिरो पर्सेंट'ची पाटी उतरली आणि 'नो कॉस्ट'ची चढली.

दुसरा रस्ता फायनान्स कंपनीचा, ज्यांच्याकडे कार्ड नाही त्यांचा. इथे भाषा असते 'बारा-चार', 'दहा-तीन' अशी. बारा-चार म्हणजे एकूण बारा हप्ते, त्यातले चार आजच. २४,००० चे बारा भाग म्हणजे हप्ता २,०००. आज ८,००० द्यायचे आणि कर्ज उरतं १६,००० चं, आठ महिन्यांसाठी. फाइल चार्ज, प्रोसेसिंग वगैरे मिळून ७०० धरा. व्याज शून्य. ऐकायला किती छान! आता रोखीच्या भावाशी ताडून पहा. २२,५०० चा फोन, तुम्ही आज दिले ८,७००, म्हणजे तुम्हाला खरी उधारी मिळाली १३,८०० ची. फेडणार १६,०००, आठ महिन्यांत. याचा दर निघतो महिन्याला जवळपास ३.४ टक्के, वर्षाला ४० च्या वर. बिनव्याजी म्हणून घेतलेला फोन सोनं गहाण ठेवून काढलेल्या कर्जापेक्षा कितीतरी महाग पडतो, कारण व्याज त्या गेलेल्या सवलतीत लपलेलं आहे. फायनान्सवर सूट मिळत नाही याचं कारणही हेच: व्याजाचा भार दुकानदार नाहीतर फोन बनवणारी कंपनी उचलते आणि तुमची सूट त्यात जाते.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना अशा कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं. एका ठरावीक नमुन्यात सगळे चार्ज आणि वार्षिक दर. तो कागद, नाहीतर मोबाइलवर आलेली पीडीएफ, ओटीपी सांगायच्या आधी उघडायची. ओटीपी म्हणजे सही. दोन ओळी बोट ठेवून वाचा: कर्जाची रक्कम आणि विमा अथवा इतर सेवांचे चार्ज. रक्कम १६,००० च्या जागी १७,४९९ दिसली तर वॉरंटी, स्क्रीन प्रोटेक्शन, आरोग्य कार्ड असं काहीतरी आत टाकलेलं आहे. "हे काढा" म्हटलं की काढतात. "याच्याशिवाय फाइल पास होत नाही" हे बहुतेक वेळा खरं नसतं. कार्डावरच्या ईएमआयला मात्र हा कागद नसतो आणि गमावलेली रोखीची सूट कुठल्याच कागदात मोजलेली नसते. ती तुम्हालाच मोजावी लागते.

मग येतं कुलूप. फायनान्सवरचा फोन दुकानातच उघडतात, ते कशासाठी ते नीट पाहा. सील फोडलं, फोन सुरू झाला, 'वेलकम'चा स्क्रीन आला की मुलगा त्यावर सहा वेळा टकटक करतो. क्यूआर स्कॅनर उघडतो, तो काउंटरला चिकटवलेला कोड दाखवतो आणि पुढची दोन मिनिटं फोन स्वतःच काहीतरी उतरवून घेतो. ही सोय मुळात ऑफिसांसाठी आहे, कर्मचाऱ्यांच्या फोनवर कंपनीचा ताबा राहावा म्हणून. आता ताबा कर्ज देणाऱ्याकडे. हप्ता चुकला की वॉलपेपर बदलतो, सूचना येत राहतात आणि शेवटी फोन बंदही होऊ शकतो. रीसेट मारून हे सहसा जात नाही, आणि काही ब्रँडमध्ये कुलूप आयएमईआयला, म्हणजे त्या फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाला, जोडलेलं असल्याने रीसेटनंतर इंटरनेट लागताच परत येतं. ज्याचं पोट फोनवर आहे, डिलिव्हरीवाला, ओला-उबरवाला, यूपीआयवर धंदा करणारा भाजीवाला, त्याचा फोन बंद होणं म्हणजे त्या दिवशीची कमाई बंद होणं, आणि मग हप्ता भरणार कशातून? पैसे वसूल करायचा हक्क कंपनीला आहे, पण माणसाचं कमावण्याचं साधन बंद करून वसुली करणं मला चूकच वाटतं. घ्यायच्या आधी एवढं तरी विचारा: "यात लॉक टाकून राहिले का? आणि शेवटच्या हप्त्यानंतर काढणार कोण, तुम्ही की कंपनी?"

हप्ते चुकतात ते बेजबाबदारपणाने कमी आणि तारखेने जास्त. हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांत पगार ७ तारखेपर्यंत होतो. हप्ता कापायची तारीख बहुतेक वेळा २ किंवा ५ असते. खात्यात पैसे नाहीत, मँडेट (खात्यातून हप्ता आपोआप कापायची तुम्ही दिलेली परवानगी) बाउन्स. फायनान्सवाल्याचा दंड वेगळा, बँकेचा वेगळा, त्यावर जीएसटी. दोन्हीकडून मिळून सातशे-हजार रुपये सहज जातात, आणि तोच मँडेट त्याच महिन्यात पुन्हा लावला तर बँक दुसऱ्यांदाही कापू शकते. वर सिबिलला, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या रेकॉर्डला, नोंद. दोन वर्षांनी मनीष नगरला फ्लॅटसाठी कर्ज मागताना ही नोंद समोर येते. फाइल बनतानाच "तारीख १० करा" म्हणून सांगा. जमत नसेल तर हप्त्याचं खातं वेगळं ठेवा आणि पगार झाला की पुढच्या महिन्याचा हप्ता आधीच टाकून ठेवा.

ईएमआय कधीच घेऊ नये असं मी म्हणत नाही. सणाच्या सेलमध्ये कधी बँकेची सूट फक्त ईएमआयवरच असते. तेव्हा सगळ्यात कमी मुदत घ्या, तीन महिने. २४,००० वर त्याचा जादा खर्च जीएसटी आणि फी मिळून साधारण ३५० येतो, आणि सूट १,५०० ची असेल तर व्यवहार फायद्याचा आहे. फक्त बिल पूर्ण भरा. नुसतं 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरलं तर बाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि सगळा हिशोब उलटतो. मुदतीआधी बंद करायला गेलात तर सहसा ३ टक्के आणि जीएसटी द्यावा लागतो, त्यामुळे "नंतर एकदम भरून टाकू" हा विचार फारसा कामाचा नाही. ज्याचा फोन फुटला आणि उद्या कामावर जायचं आहे, त्यानेही हप्त्यावर घ्यावा, पण १०-१२ हजारांचा. जुना फोन धड चालत असेल त्याने मात्र महिन्याला २,५०० बाजूला टाकावेत. नऊ महिन्यांत बरोबर २२,५०० होतात आणि तोवर त्याच मॉडेलचा भाव उतरलेला असतो. जीएसटी नंबर असलेल्या दुकानदारांनी बिल दुकानाच्या नावाने घ्यावं. २४,००० मध्ये ३,६६१ रुपये कर आहे, धंद्यासाठीच्या फोनवर तो सहसा क्रेडिटला मिळतो, म्हणजे तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होतो.

भाचा अमेरिकेतून आयफोन पाठवतो म्हणाला तर त्याला दोनच गोष्टी पाहायला सांगा. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट, तिथे 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं हवं. त्याचे हप्ते सुरू असतील तर सहसा ते लिहिलेलं नसतं, आणि मग इथलं कुठलंही सिम चालणार नाही. दुसरं म्हणजे, तिथल्या आयफोन १४ पासून पुढच्या मॉडेलला सिमचा कप्पाच नाही, ई-सिम घ्यावं लागेल.

जुना फोन घेणाऱ्यांनी *#०६# दाबून आयएमईआय काढावा आणि केवायएम (KYM), मग जागा सोडून तो नंबर असा एसएमएस १४४२२ वर पाठवावा. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेला असेल तर कळतं. फायनान्सचं कुलूप मात्र यात दिसत नाही. त्यासाठी विकणाऱ्यासमोर रीसेट मारून, वायफाय लावून फोन परत सुरू करा, आणि सिक्युरिटीमध्ये 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स'ची यादी पाहा. "हा फोन तुमच्या संस्थेचा आहे" असा मजकूर दिसला तर खिशातून पैसे काढू नका.

शेवटचा हप्ता गेल्यावर काम अजून उरलेलं असतं. कंपनीच्या ॲपमधून एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचा दाखला, उतरवून घ्या आणि मेलवर ठेवा. लॉकचं ॲप गेलं का ते 'डिव्हाइस ॲडमिन ॲप्स'च्या त्याच यादीत बघा. नसेल गेलं तर एनओसी जोडून कंपनीला लेखी तक्रार करा, दुकानातून ते निघत नाही. बँकेच्या ॲपमध्ये तो मँडेट रद्द करा. दीड महिन्याने सिबिलचा वर्षातून एकदा मिळणारा फुकट रिपोर्ट काढा आणि त्या कर्जासमोर 'क्लोज्ड' लिहिलंय, बाकी शून्य आहे, हे पाहा. दहा-वीस रुपयांची फी बाकी राहिली म्हणून खातं चालू दाखवलेलं असेल, तर ती भरून नवी एनओसी मागून घ्या.