त्याच गेमचे दुसऱ्यांदा पैसे? एका फॉरवर्डची झडती

"गेमिंग कंपन्यांचा महाघोटाळा! पालकांनो, शेवटपर्यंत वाचा!!" हा मेसेज इतरांच्या ग्रुपवर फिरत होता तोवर मी सोडून दिला होता. मग ताईने तो घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "चिन्याला हा नाद तूच लावलास ना?" हो, मीच लावला. माझ्या स्विचवर, म्हणजे निंटेंडोच्या हातात धरायच्या गेम कन्सोलवर, 'लिंक्स अवेकनिंग' हा गेम त्याला मीच दिला. तेव्हा आता उत्तरही मीच देतो.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. हातातल्या कन्सोलवर जुने ॲक्शन-ॲडव्हेंचर गेम पुन्हा विकणं ही शुद्ध लूट आहे, कारण जुनीच फाइल नव्या डब्यात घातलेली असते. वीस वर्षांहून जुन्या गेमला कॉपीराइट नसतो, आणि असला तरी गेम उतरवून २४ तासांत पुसला तर सगळं कायदेशीर. जुने गेम नेटवर कायम मिळतातच. कंपनी किंमत कधी उतरवत नाही. आणि जुने गेम खेळल्याने मुलांचा मेंदू तल्लख होतो, "हे जपानमध्ये सिद्ध झालंय". शेवटी लिंक: १०,००० गेम फुकट.

आधी ते २४ तास घेऊ, कारण बाकीच्या थापा निदान निरुपद्रवी तरी आहेत. २४ तासांचा असा नियम कुठल्याही देशाच्या कायद्यात नाही. फुकट रॉम (म्हणजे जुन्या गेमच्या कॉपी केलेल्या फाइली) वाटणाऱ्या साइटवाल्यांनी स्वतःच्या बचावासाठी पानाच्या तळाशी एक ओळ लिहून ठेवली, ती एकाने दुसऱ्याची उचलली आणि लोक तिला कायदा समजू लागले. अशाच दोन साइट चालवणाऱ्यांवर निंटेंडोने २०१८ मध्ये अमेरिकेत दावा ठोकला आणि प्रकरण १.२ कोटी डॉलरहून मोठ्या हुकूमनाम्यावर मिटलं. तिथे २४ तास कामाला आले नाहीत. वीस वर्षांची अटही अशीच हवेतली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम वाङ्मयीन कृतींमध्ये मोडतो, आणि त्यांची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत चालते. १९९३ चा मूळ 'लिंक्स अवेकनिंग' त्या हिशेबाने अजून पोरवयातच आहे.

एक अर्धं सत्य मात्र नाइलाजाने मान्य. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये, तुमच्याकडे रीतसर असलेल्या प्रोग्रॅमची प्रत हरवू किंवा बिघडू नये म्हणून बॅकअप काढायला मुभा आहे. पण ती तुमच्या प्रतीवरून काढायची असते. कुणा अनोळखी माणसाने लिंकवर ठेवलेली फाइल म्हणजे तुमचा बॅकअप नव्हे.

आणि ती लिंक. चिन्याने ती दाबली होती, हे मला नंतर कळलं. तिच्यातून एक एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप टाकायची फाइल उतरते. ती टाकायला गेल्यावर फोनने काय काय विचारलं, त्याचे स्क्रीनशॉट त्यानेच पाठवले, कारण कुठली परवानगी द्यायची ते त्याला कळेना. एसएमएस वाचायची परवानगी. कॉन्टॅक्ट्स. ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे पडद्यावर जे दिसतं ते वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची मुभा. अहो, 'लिंक्स अवेकनिंग' हा मूळ गेम सगळा मिळून ५१२ केबीचा! तो चालवायला तुमचे एसएमएस कशाला लागतात? एसएमएसमध्ये बँकेचे ओटीपी येतात, त्यासाठी लागतात. आणि फोन होता ताईचा. ज्यांनी ज्यांनी हे ॲप टाकलंय त्यांनी आधी इंटरनेट बंद करावं, ॲप काढावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. मग पुढचं वाचा.

त्या १०,००० गेमचंही कौतुक नको. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमची पिवळी कार्ट्रिजं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हा हिशेब पाठ आहे: वर '९९९९ इन १' छापलेलं, आत तेच पाच-सात गेम नावं बदलून.

आता 'जुनीच फाइल, नवा डबा'. हे लिहिणाऱ्याने दोन्ही गेम कधी हातात धरलेले नाहीत, हे मी पैजेवर सांगतो. १९९३ चा मूळ गेम ज्यावर चालायचा त्या गेम बॉय या निंटेंडोच्या जुन्या हातातल्या कन्सोलचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट रंगाच्या चार छटा. वस्तू वापरायला ए आणि बी ही दोनच बटणं. एकावर तलवार, दुसऱ्यावर ढाल. उडी मारायची? मेनू उघडा, ढाल काढा, उडी मारायचं पीस लावा. धावत जाऊन खड्डा ओलांडायचा असेल तर एका बटणावर धावायचे बूट आणि दुसऱ्यावर पीस, म्हणजे तलवार पिशवीत, आणि पलीकडे राक्षस उभा. पुन्हा मेनू. त्यात वाटेतल्या दगडाला नुसता धक्का लागला की खेळ थांबून सांगणार, हा दगड जड आहे, नुसत्या हातांनी उचलायचा नाही. प्रत्येक वेळी! बॅटरीइतकीच आपली सहनशक्तीही संपायची.

२०१९ च्या स्विच आवृत्तीत ग्रेझो या जपानी स्टुडिओने नेमकी हीच दुखणी काढली. तलवार, ढाल, बूट, वजन उचलायचं कडं या सगळ्यांना कायमची बटणं दिली आणि एक्स आणि वाय ही दोन बटणं बाकीच्या वस्तूंना मोकळी ठेवली. गेम जिथे घडतो ते कोहोलिंट बेट मात्र जवळजवळ चौकटीला चौकट तसंच आहे. दुकानातून चोरी केलीत तर सगळे तुम्हाला 'चोर' म्हणू लागतात, तेही तसंच. मध्येच खेळ थोडा अडखळतो, ते मलाही खुपलं, आणि ६० डॉलर घेऊन ते खुपायला नको होतं. पण याला फाइल कॉपी करणं म्हणत नाहीत.

'स्कायवर्ड स्वोर्ड'चं उदाहरण तर आणखी सरळ आहे. २०११ चा हा 'वी' या निंटेंडोच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरचा गेम रिमोट तलवारीसारखा फिरवून खेळायचा. वार आडवा, उभा की तिरपा, यावर शत्रू मरणार की अडवणार हे ठरायचं. स्विच लाइट या स्विचच्या छोट्या भावाचे कंट्रोलर तर सुटेच होत नाहीत. मग हात हलवणार कसा? म्हणून २०२१ च्या आवृत्तीत वाराची दिशा उजव्या स्टिकवर आणली. कन्सोल बंद करून पुन्हा लावला की आधीच मिळालेल्या किड्या-फुलपाखरांची माहिती परत ऐकवायची मूळ खोड होती, तीही काढली. ज्यांना खरोखर तोच जुना गेम हवाय त्यांच्यासाठी 'लिंक्स अवेकनिंग'ची १९९८ ची रंगीत आवृत्ती फेब्रुवारी २०२३ पासून स्विचच्या ऑनलाइन वर्गणीत आहे. वर्गणी थांबली की गेमही गेला, ही त्यातली मेख.

'जुने गेम कायम मिळतातच' यावर एकच आकडा पुरे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात कुठल्याही रूपात विकत मिळत नाहीत. गेम बॉय घराण्यात मिळणाऱ्यांचं प्रमाण ५.८७ टक्के! त्याच वर्षी २७ मार्चला थ्रीडीएस या निंटेंडोच्या स्विचआधीच्या हातातल्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान खरेदीसाठी बंद झालं आणि फक्त तिथेच असलेले कितीतरी गेम विक्रीतून गेले. म्हणजे 'लिंक्स अवेकनिंग' हे त्या पाच-सहा टक्क्यांतलं नशीबवान पोर आहे. राग यायचाच असेल तर बाकीच्या चौऱ्याण्णव टक्क्यांवर बसून राहिलेल्या कंपन्यांचा येऊ द्या. ग्रंथालयांना बंद पडलेले गेम संशोधकांना घरबसल्या दाखवता यावेत, एवढी साधी मागणी होती. तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने फेटाळली, आणि विरोधात उभी होती गेम उद्योगाचीच संघटना. यातले पुष्कळ गेम आज जिवंत आहेत ते रॉम जपणाऱ्या हौशी लोकांमुळे, हेही खरं. पण ते लोक तुमचे ओटीपी मागत नाहीत.

मेंदू आणि जपान: संस्था नाही, वर्ष नाही, संशोधकाचं नाव नाही. पुढे.

किंमतीचा मुद्दा मात्र बराचसा खरा आहे, आणि मला तो कबूल करताना मुळीच आनंद होत नाही. निंटेंडो आपल्या गेमची किंमत वर्षानुवर्षं धरून ठेवते. 'सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स' तर सप्टेंबर २०२० मध्ये काढून ३१ मार्च २०२१ ला मुद्दाम विक्रीतून काढला, लोकांनी घाईने घ्यावा म्हणून. 'स्कायवर्ड स्वोर्ड'मध्ये आकाशातून जमिनीवर आणि परत कुठूनही जायची सोय वेगळ्या विकत घ्यायच्या बाहुलीमागे कुलूपबंद ठेवली. २०२३ च्या 'मेट्रॉइड प्राइम रीमास्टर्ड'मध्ये २००२ च्या मूळ कलाकारांची नावं देण्याऐवजी 'मूळ चमूच्या कामावर आधारित' अशी एक ओळ टाकून मोकळे झाले. ही यादी त्या मेसेजात असती तर मीच पुढे पाठवला असता.

पण किंमत उतरत नाही याला दुसरी बाजू आहे, ताई. स्विच आपल्याकडे अधिकृतपणे विकायला आलाच नाही. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून येतो नाहीतर परदेशातून येणाऱ्या कुणाच्या बॅगेतून. पण स्विचच्या गेमच्या कार्डाला देशाचं बंधन नाही, जपानचं कार्ड मुंबईत चालतं. आणि नव्याचा भाव टिकतो म्हणून सेकंडहँडचाही टिकतो. डाउनलोड न घेता कार्ड घ्यायचं, खेळून झालं की विकायचं, बरेचसे पैसे परत येतात. चिन्याचं बेट पालथं घालून झालं की ते कार्ड मी विकणारच आहे. तुझ्या ऑफिसात कुणाला हवं असेल तर विचारून ठेव.