सिएरा लिओनचं युद्ध दोनशे भाडोत्री सैनिकांनी संपवलेलं नाही

एक मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्याकडे तो तिघांकडून आला. त्यातले एक निवृत्त शिक्षक आहेत आणि त्यांचा शब्द मी एरवी मानतो, म्हणून सविस्तर उत्तर लिहितो आहे. मजकूर थोडक्यात असा: १९९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका खासगी कंपनीच्या दोनशे माणसांनी सिएरा लिओन या पश्चिम आफ्रिकी देशातलं युद्ध काही महिन्यांत जिंकलं. संयुक्त राष्ट्रांच्या सतरा हजारांच्या शांतिसेनेला ते कित्येक वर्षं जमलं नाही. खासगी फौज स्वस्त पडते, कराराने बांधलेली असल्याने जबाबदार असते, आणि तिची माणसं मेली तरी कुणा देशाच्या घरात रडारड होत नाही. सबब यापुढची युद्धं कंपन्यांवरच सोपवावीत.

पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. कंपनीचं नाव एक्झिक्युटिव्ह आउटकम्स. वर्णद्वेषी राजवटीच्या सैन्यात मुरलेली माणसं तिच्यात होती. ती आली तेव्हा सरकारविरुद्ध लढणाऱ्या आरयूएफ या संघटनेचे बंडखोर राजधानी फ्रीटाउनच्या वेशीवर येऊन ठेपले होते. त्यांना तिने मागे रेटलं, कोनोचा हिऱ्यांचा पट्टाही परत घेतला. हे नाकारायचं कारण नाही.

पण मजकूर इथेच थांबतो, इतिहास थांबला नाही. नोव्हेंबर १९९६ मध्ये आबिजानला शांतता करार झाला, त्यानुसार जानेवारी १९९७ मध्ये कंपनी निघून गेली. त्याच वर्षी २५ मे रोजी देशाच्या स्वतःच्याच सैन्यातल्या लोकांनी सत्ता बळकावली आणि बंडखोरांना राजधानीत बोलावून घेतलं. जानेवारी १९९९ मध्ये फ्रीटाउनमध्ये पुन्हा कत्तल झाली, माणसांचे, लहान मुलांचेसुद्धा हात तोडले गेले. युद्ध संपल्याची घोषणा झाली ती जानेवारी २००२ मध्ये. ‘कंपनीला राहू दिलं असतं तर?’ असं विचारणारे भेटतात. तिथल्या सैन्यात दिवसा सरकारचे आणि रात्री बंडखोरांचे असे शिपाई इतके होते की लोकांनी ‘सोल्जर’ आणि ‘रेबेल’ जोडून त्यांना ‘सोबेल’ असं नावच पाडलं होतं. आतून सडलेलं असं सैन्य दोनशे पाहुणे किती दिवस सावरणार होते?

शांतिसेनेशी केलेली तुलना तर सरळ चुकीची आहे. कंपनी लढत होती तेव्हा ती सतरा हजारांची फौज तिथे नव्हतीच. ती उभी राहू लागली १९९९ च्या ऑक्टोबरनंतर, आणि तिचे पहिले सेनापती होते भारताचे मेजर जनरल विजय जेटली. मे २००० मध्ये बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिक ओलीस धरले, ही त्या मोहिमेची मोठी नामुष्की होती. पण त्याच वेळी कैलाहून या गावी आपल्या गुरखा रायफल्सच्या दोन तुकड्या वेढ्यात सापडल्या होत्या. शस्त्रं खाली ठेवायला त्यांनी नकार दिला. दोन महिन्यांहून अधिक काळ ते तसेच राहिले, आणि जुलैत भर पावसात ‘ऑपरेशन खुकरी’ करून बाहेर पडले. त्यात आपला एक हवालदार गेला. पुढे ब्रिटिश सैन्याची साथ मिळाली आणि सत्तर हजारांहून अधिक लढवय्यांकडून हत्यारं काढून घेतली गेली. हे वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम होतं. युद्ध थांबलं ते त्यामुळे.

स्वस्त म्हणावं, तर कंपनीचं बिल होतं सुमारे साडेतीन कोटी डॉलर, तेही सरकारला पुरतं चुकवता आलं नाही. तिच्याशी संबंध असलेल्या ब्रँच एनर्जी या कंपनीला कोइडूच्या हिऱ्यांचे हक्क मिळाले. ही किंमत मजकुरात कुठेच दिसत नाही.

जबाबदारीचं ऐका. १६ सप्टेंबर २००७, बगदादचा निसूर चौक. पांढऱ्या किया गाडीत एक वैद्यकीय विद्यार्थी आणि शेजारी त्याची आई. अमेरिकी परराष्ट्र खात्यासाठी काम करणाऱ्या ब्लॅकवॉटर या खासगी कंपनीच्या रक्षकांनी गोळीबार सुरू केला. दोघेही गेले. त्या दुपारी १७ इराकी मेले, त्यात नऊ वर्षांचा एक मुलगा होता. करारापोटी केलेल्या कृत्यांसाठी परदेशी कंत्राटदारांवर इराकी कायदा लागू होणार नाही, असा हुकूम २००४ मध्येच निघाला होता. त्यामुळे बगदादच्या कोर्टाचा प्रश्नच आला नाही. अमेरिकेत खटला रखडत रखडत २०१४ मध्ये चौघे दोषी ठरले, एकाला जन्मठेप झाली, आणि डिसेंबर २०२० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी चौघांनाही माफ करून टाकलं. कंपनीने तोवर दोनदा नाव बदललं होतं. करारात रक्षकांनी कुणाला वाचवायचं ते लिहिलेलं होतं. त्या चौकातल्या माणसांशी कुणाचाच करार नव्हता.

भाडोत्री फौजेच्या निष्ठेबद्दल फार लिहीत नाही. जून २०२३ मध्ये वॅग्नर या रशियाच्या खासगी फौजेने आपल्याच देशातलं रोस्तोवचं लष्करी मुख्यालय ताब्यात घेऊन मॉस्कोकडे कूच केलं, ही ताजी गोष्ट आहे. आपल्याकडचीही एक आठवते. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर दौलतराव शिंद्यांच्या कंपूंचा, म्हणजे युरोपीय पद्धतीने कवायत शिकवलेल्या पलटणींचा, फ्रेंच सेनापती पेराँ जमवलेली माया घेऊन इंग्रजांच्या आश्रयाला गेला, बरेच गोरे अधिकारीही पगाराच्या हमीवर तिकडे वळले. आणि त्याच कंपूंतले देशी शिपाई लासवारीच्या लढाईत इंग्रजांशी जिवावर उदार होऊन लढले.

शेवटचा मुद्दा, रडारड होत नाही हा. इराक-अफगाणिस्तानात हजारो कंत्राटी माणसं मेली. त्यांतल्या कित्येकांच्या हाती बंदूक नव्हती, ती स्वयंपाक करायची, ट्रक चालवायची. सैन्याच्या मृतांच्या आकड्यात ती धरलीच जात नाहीत. ऑगस्ट २००४ मध्ये नेपाळचे बारा तरुण जॉर्डनमध्ये नोकरी मिळेल या आशेवर घरून निघाले होते. त्यांना अमेरिकी तळावर कामाला नेत असताना इराकच्या रस्त्यात पळवलं गेलं आणि बाराच्या बाराजणांना मारलं. बातमी पोहोचल्यावर काठमांडू पेटलं, परदेशी नोकऱ्या देणाऱ्या एजंटांची कार्यालयं जमावाने फोडली, ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्या मशिदीवरही हल्ला झाला, आणि सरकारला शहरात संचारबंदी लावावी लागली.