279 नंबर आणि आपला आमदार

रविवारी दुपारी कराडात जेवणं उरकली की काका फोन लावतात. तेव्हा इथे फिजीत, सुवामध्ये दिवेलागण झालेली असते. तब्येत, पाऊस, नारळाचा भाव हे सगळं दोन मिनिटांत आटोपतं आणि गाडी पक्षफुटीवर येते. काकांनी आयुष्यभर एकाच पक्षाच्या सतरंज्या उचलल्या. जून 2022 ला सुरत-गुवाहाटी झालं, पुढच्या वर्षी जुलैत दुसरा पक्ष फुटला, 'पन्नास खोके'च्या घोषणा झाल्या. आता त्यांच्याकडे एकच औषध आहे. पक्षाचा आदेश मोडला की आमदारकी तिथल्या तिथे खलास. दोन-तृतीयांशची सवलत नको, अध्यक्षांपुढे दोन-दोन वर्षं सुनावणी नको.

परवा म्हणाले, "तुमच्या फिजीत बरं असेल. छोटा देश, पंचावन्न खासदार."

काका मागतात तसा कायदा फिजीत आहे. 2013 च्या राज्यघटनेनुसार पक्ष सोडला, पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं, नुसतं तटस्थ राहिलं किंवा पक्षाने काढून टाकलं, तर जागा रिकामी. पोटनिवडणूकही नाही. त्याच पक्षाच्या यादीतला पुढचा उमेदवार येऊन बसतो.

इथे या कायद्याला आपल्यापेक्षा बळकट आधार आहे, हेही मान्य करायला हवं. फिजीत मतदारसंघच नाहीत, अख्खा देश एक मतदारसंघ. मतपत्रिकेवर नाव नाही, फोटो नाही, चिन्ह नाही. नुसते आकडे, तंबोल्याच्या तिकिटासारखे. आपल्या उमेदवाराचा आकडा शोधायचा आणि त्यावर खूण करायची. 2014 ला तेव्हाचे पंतप्रधान फ्रँक बैनीमारामा यांचा नंबर होता 279. शेजारच्या भाभी सांगतात, त्या वर्षी पोरंसोरंसुद्धा 279 म्हणत फिरायची. त्या एका नंबरावर 2 लाख 2 हजार 459 मतं पडली. मतं पक्षाच्या खात्यात जमा होतात आणि जागा त्यावरून ठरतात. त्यामुळे 279 च्या पुण्याईवर हजार मतंही न मिळालेले लोक संसदेत पोचले. अशा खासदाराला पक्षाने 'ही जागा आमची' म्हटलं तर त्याने काय बोलायचं?

आणि तरीही फुटायचे ते फुटलेच.

डिसेंबर 2022 ची निवडणूक. बैनीमारामांच्या फिजीफर्स्टला 26 जागा, विरोधातल्या तीन पक्षांना मिळून 29. पंतप्रधान निवडायला गुप्त मतदान झालं. विरोधकांचे सितिवेनी राबुका 28 विरुद्ध 27 ने निवडून आले. म्हणजे 29 पैकी एक मत घसरलं. कायद्याने त्या माणसाची खासदारकी जायला हवी, पण कोण तो, हे कळणार कसं? काकांना हे लगेच पटलं, कारण आपल्याकडचं नाट्यही विधान परिषदेच्या गुप्त मतदानाच्या रात्रीच सुरू झालं होतं.

त्याहून मासलेवाईक प्रकार मे 2024 चा. खासदारांच्या पगारवाढीचा ठराव आला. विरोधात बसलेल्या फिजीफर्स्टचा आदेश होता, विरोध करा. सतरा जणांनी वाढीच्या बाजूने मत दिलं. (पगारवाढीला सगळ्यांचं एकमत होतं, ते फक्त आपल्याकडे असं मला वाटायचं.) पक्षाने पत्र धाडलं: सतराही जणांना काढलं आहे, जागा रिकाम्या करा. पक्षाचे नेते बैनीमारामा तेव्हा तुरुंगात. मग निघालं की पक्षांतर्गत वाद सोडवण्याची तरतूदच पक्षाच्या घटनेत नाही, आणि कायद्याने ती सक्तीची. तो कायदा बैनीमारामांच्या राजवटीतलाच. पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले, मुदत संपली आणि 1 जुलैला देशातल्या सगळ्यात मोठ्या पक्षाची नोंदणी रद्द झाली. पक्षच नाही म्हटल्यावर पक्षाचा आदेश कोणाचा? खासदार अपक्ष म्हणून बसून राहिले. पुढे काहींनी सरकारचीच वाट धरली.

या सगळ्यात 2022 ला त्या पक्षाच्या उमेदवाराच्या आकड्यावर खूण करणाऱ्या माणसाला कोणी काही विचारलं का? त्याच सुमारास मी शेजारी भाभींकडे यंगोना, म्हणजे कावाच्या मुळांचं पेय, प्यायला बसले होते. इथले लोक त्याला ग्रॉग म्हणतात. चवीला मातीचं पाणी आणि जीभ बधिर. करवंटी पुढे आली की एक टाळी वाजवायची, रिकामी केली की तीन. भाभींचे यजमान गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांच्या, चौथ्या पिढीतले. मी विचारलं, "तुमचा खासदार आता कुठल्या बाजूला?" ते हसले. म्हणाले, आमचा असा खासदार कुठे असतो? समोरच्या रस्त्याला हा एवढा खड्डा आहे, तो कोणाला सांगायचा तेच कळत नाही. नगरपालिका म्हणावी तर तिची शेवटची निवडणूक 2005 ची. 2009 पासून प्रशासक. मुंबई-पुण्याच्या लोकांना प्रशासक काय असतो ते सांगायला नको.

म्हणून कायदा जितका आवळाल तितका आमदार मतदाराला बांधला जाईल, हे काकांचं गणित मला पटत नाही. तो बांधला जातो पक्षाच्या कार्यालयातून निघणाऱ्या पत्राला. कराडच्या आमदाराला टँकर, शाळेचा दाखला, दवाखान्याची चिठ्ठी यासाठी लोक पहाटे उठवतात, शिव्याही देतात. हे नातं फिजीत नाही, आणि ते असणं ही मोठी गोष्ट आहे हे मला इथे येऊन कळलं. पक्ष बदलायचा तर बदला, पण राजीनामा टाका आणि त्याच लोकांसमोर पुन्हा उभे राहा, माझी मागणी एवढीच. काका लगेच कर्नाटक काढतात: 2019 ला फुटलेले बहुतेक आमदार पोटनिवडणुकीत निवडून आलेच ना? आले. विचारलं तरी गेलं ना लोकांना?

"हं," काका म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि तो खड्डा?"

"आहे अजून. पावसाळ्यात त्यात बदकं येतात."