डीईएम जोडताना नोडेटाच्या जागी शून्य टाकू नका

पाणलोटाची कामं करणाऱ्या आणि जीआयएस (संगणकावर नकाशे करण्याचं तंत्र) शिकणाऱ्या पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक टीप सारखी फिरते आहे: ‘डीईएमचे तुकडे जोडताना नोडेटाच्या जागी शून्य टाका. शून्य म्हणजे काहीच नाही. उतारावर फरक पडत नाही. पडलाच तर शेवटी फिल सिंक चालवा.’ डीईएम म्हणजे जमिनीच्या उंचीचा संगणकी नकाशा; त्यातल्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे सेलमध्ये, एक उंची असते. फिल सिंक म्हणजे त्यातले खड्डे भरणारी आज्ञा. मराठवाड्यात या नकाशांवर बंधारे आखले जातात, म्हणून हे खोडून काढणं गरजेचं आहे.

‘शून्य म्हणजे काहीच नाही.’ उंचीच्या लेयरमध्ये शून्य म्हणजे समुद्रसपाटी. नोडेटा म्हणजे इथलं मोजमाप नाही. लातूर साधारण ६०० मीटरवर आहे. तिथल्या शंभर सेलांपैकी पाच शून्य झाले, तर सरासरी ५७० वर येते आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही.

‘उतारावर फरक पडत नाही.’ ३० मीटरचा सेल, एका बाजूला ६००, दुसऱ्या बाजूला शून्य. नेहमीच्या तीन बाय तीन खिडकीच्या सूत्राने तिथे उतार ८४ अंश येतो. असा कडा बालाघाटात शोधून सापडणार नाही. आणि जोडणं टाळता येत नाही: एसआरटीएमचे (अंतराळयानातून रडारने मोजलेल्या उंचीचे) तुकडे एकेका अंशाचे, तर ७६ पूर्व रेखांश आणि १९ उत्तर अक्षांश दोन्ही बीड जिल्ह्यातूनच जातात.

‘फिल सिंक चालवा.’ सगळ्यात जास्त नुकसान याच सल्ल्याने होतं. शून्याचा खड्डा मध्ये असेल, तर तो सांडण्याच्या पातळीपर्यंत भरला जातो. तिथे सपाट मैदान तयार होतं आणि त्यावरून ओढ्याची खोटी सरळ रेघ निघते. खड्डा लेयरच्या कडेला असेल तर तो भरलाच जात नाही, कारण प्रोग्रामच्या लेखी पाणी तिथून बाहेर जातं. मग आसपासचे ओढे तिकडे वळतात, पाणलोटाची हद्द सरकते आणि बंधाऱ्याची जागा चुकते.

टीप पसरण्यामागची अडचण मात्र खरी आहे. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये (सेलागणिक गणित करणाऱ्या साधनात) दोन लेयरची बेरीज केली की एकीकडे नोडेटा असला तरी उत्तर नोडेटाच येतं. पण तुकडे बेरजेने जोडायचेच नसतात. क्यूजीआयएस या मोफत जीआयएस सॉफ्टवेअरच्या मर्जमध्ये (तुकडे जोडण्याच्या साधनात) दोन वेगळे रकाने आहेत: इनपुटमधली कोणती किंमत नोडेटा धरायची, आणि आउटपुटला कोणती द्यायची. अनेक जण दुसराच भरतात. त्याने नुसती चिठ्ठी लागते. वरच्या तुकड्यातली भोकं खालच्या चांगल्या उंचीवर चिकटू शकतात. पहिला रकाना भरा.

एका लेयरचा नोडेटा −३२७६८ आणि दुसऱ्याचा −९९९९ असेल, तर आधी दोन्ही एकाच किमतीवर आणा. नाहीतर उणे ९९९९ ही खरी उंची ठरते. लहान भोकं आजूबाजूच्या उंचीवरून फिल नोडेटाने भरता येतात. मोठी भोकं दुसऱ्या स्रोतातून, इस्रोच्या कार्टोडीईएम किंवा युरोपच्या कोपर्निकस डीईएममधून, भरा; तेही नसेल तर नोडेटाच राहू द्या.

जोडून झालं की लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये किमान उंची बघा. मराठवाड्यात ती शून्य किंवा उणे दिसली, तर कंटूर काढायला बसू नका.