तळमजल्याचं पान

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी आमच्या मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन रस्त्यावरच्या नव्या मोठ्या दुकानात गेली. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्या मॅनेजरची नव्हती. सभ्य मुलगा. पोरांना पाणी विचारलं. मग म्हणाला, "वर्गणी द्यायचा मला अधिकारच नाही हो, हेड ऑफिसला मेल टाका." पोरांनी टाकला. उत्तर आलं, पण अनंत चतुर्दशी होऊन गेल्यावर. तुमच्या विनंतीची नोंद घेतली आहे, धन्यवाद, वगैरे. इंग्रजीत.

त्याच जागी पूर्वी आमचा वाणी बसायचा. पाचशेची पावती फाडली की अर्धा तास हुज्जत घालायचा, धंदा कसा बसलाय ते ऐकवायचा, शेवटी दोनशे एक्कावन्न काढून द्यायचा. आणि विसर्जनाच्या दिवशी न सांगता कोकम सरबताचं पिंप दुकानाबाहेर आणून ठेवायचा. बाकीच्या पैशांचं काय झालं ते मग कोणी विचारत नसे.

डोंबिवलीवर लिहायला बसलं की "आमच्या वेळची डोंबिवली" असा गळा काढायचा मोह होतो. आवरतो. आमच्या वेळची डोंबिवली म्हणजे एक दिवसाआड पाणी, स्टेशनबाहेर गुडघाभर चिखल आणि ८:०५ ला लटकलेले आम्ही. कोणाला ते परत हवंय? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२ लाख ४७ हजार होती. त्यानंतर जनगणनाच झालेली नाही, पण शीळ रस्त्याला एकदा चक्कर मारली की अंदाज येतो. एवढी माणसं आली म्हणजे दुकानं येणार, मोठी दुकानं येणार, साखळ्या येणार. मी स्वतः महिन्याचं सामान डी-मार्टमधून आणतो. मार्च २०१७ मध्ये त्यांचा शेअर बाजारात आला तेव्हा अर्जही केला होता, लागला नाही. तेव्हा साधेपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

आणि "लोकल ते चांगलं, साखळी ते वाईट" हेही मला पटत नाही. आमच्या वाण्याचा काटा नेहमी त्याच्या बाजूला झुकलेला असायचा. आमच्या मुलीला हे लिहिणार आहे म्हटल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी कॉलेजात असताना सॅनिटरी पॅड मागितले की तो इकडेतिकडे बघून पेपरात गुंडाळून द्यायचा आणि संध्याकाळी आईला सांगायचा, ताई येऊन गेली. साखळीच्या मेडिकलमध्ये मला कोणी ओळखत नाही, तेच बरं आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. ओळख ही दोन्हीकडून कापते. ज्याला तुम्ही माहीत असता त्याला तुमचं सगळंच माहीत असतं.

शिवाय "आपलं" म्हणजे नेमकं कोण? वाणी कच्छी, चौकातला उडप्याचं हॉटेल चालवणारा मंगळूरकडचा, इस्त्रीवाला जौनपूरचा. गाव सोडून आलेल्यांनीच ही डोंबिवली केली, आम्हीही राजापूरहून आलेलेच. त्यामुळे दुकानावरची पाटी मराठीत झाली की गावपण टिकलं, असं मानणाऱ्यांतला मी नाही. पाटी मराठीत हवीच. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. पण देवनागरी पाटीखाली बसलेला माणूस जर स्वतःच्या मनाने पन्नास रुपयांची पावतीही फाडू शकत नसेल, तर फक्त पाटी वाचायची सोय झाली.

माझा मुद्दा एवढाच आहे. गल्लीचं गल्लीपण ठरतं ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाला किती गोष्टी स्वतः ठरवता येतात त्यावरून. उधार द्यायचं का. पाहुण्यांसाठी घराची चावी ठेवून घ्यायची का. हरवलेल्या मांजराची चिठ्ठी काचेवर लावू द्यायची का. आठवीतल्या पोराने सिगारेट मागितली तर "बापाला पाठव" म्हणायचं का. गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेला (आमच्याकडे ती १९९९ पासून निघते, मग बाकीच्या गावांनी उचलली) दुकानाबाहेर टेबल मांडून पन्हं वाटायचं का. यातल्या प्रत्येक गोष्टीला "वर विचारावं लागेल" असं उत्तर आलं की तो रस्ता माझ्या मते तेवढा परका झाला, मालक मराठी असो की अमराठी.

चहाचं बघा. अमृततुल्य म्हणजे पुण्याचं प्रकरण. पितळी भांडं, समोर बसलेला मालक, आलं-वेलची कुटल्याचा आवाज. आता त्या नावाच्या साखळ्या निघाल्या आणि आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत मला सात दुकानं लागतात, तीन वेगवेगळ्या साखळ्यांची. त्यातलं एक चालवतो तो आमच्याच शाळेतल्या माझ्या मित्राचा मुलगा. वडिलांच्या व्हीआरएसच्या पैशांतून फ्रँचायझी घेतली. म्हणजे माणूस अगदी लोकल! मी म्हटलं, साखर जरा कमी टाक रे माझ्यात. ओशाळून हसला. "काका, मसाला आणि प्रमाण वरून येतं." तरी वर्गणी त्याने दिली, स्वतःच्या खिशातून. पावती त्याच्या नावाने फाडली, दुकानाच्या नाही.

वड्याचंही तसंच. कल्याणचा खिडकी वडा ठाऊक नसेल असा आमच्या बाजूचा माणूस विरळा. वझ्यांनी घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली, तेच नाव पडलं. आणि गंमत अशी की कारखान्यात एका मापाचे वडे करून गावोगाव विकणाऱ्या 'गोली'चं पहिलं दुकानसुद्धा २००४ मध्ये कल्याणलाच उघडलं. दोन्ही कल्पना एकाच गावात उगवल्या. तेव्हा साखळी ही कुठून तरी बाहेरून आलेली रोगराई वगैरे नाही. आपल्याच डोक्यातून निघालेली आहे.

मग छोटी दुकानं जातात कशाने? गिऱ्हाईक फिरतं म्हणून, असं सगळे सांगतात. मीही तेच समजत होतो. आमची इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा डोळे उघडले, म्हणून ही पोस्ट.

आमची इमारत १९८४ ची. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. वर चोवीस बिऱ्हाडं, खाली रस्त्याकडे तोंड करून पाच गाळे. वाणी, झेरॉक्स-स्टेशनरी, लेडीज टेलर, इस्त्री आणि पोळी-भाजी केंद्र. सगळ्यात मोठा गाळा १८० चौरस फुटांचा. २०१९ ला जागा रिकामी केली, मध्ये कोरोना आला, ताबा मिळाला २०२३ अखेर. मी पुनर्विकास समितीवर होतो. अठरा महिने मीटिंगा केल्या. चटई (म्हणजे घरातली वापरायची जागा) किती टक्के वाढवून मिळणार, कॉर्पस म्हणजे विकासक देतो तो निधी किती, पार्किंग स्टॅक की पोडियम, देवघराच्या भिंतीची दिशा कुठली, यावर आम्ही रात्री साडेअकरापर्यंत भांडलोय. नकाशाचं तळमजल्याचं पान कोणी उघडून पाहिलं नाही. मीसुद्धा नाही. त्या पानावर माझी सही आहे.

पुढे जे झालं ते त्या पानावर आधीच छापलेलं होतं. रस्त्याकडची सगळी बाजू मिळून एकच शोरूम, २२०० चौरस फूट, दुप्पट उंचीचं, विकासकाच्या विक्रीच्या हिश्श्यात. मूळ गाळेधारकांना तेवढ्याच मापाचे गाळे, पण मागच्या गल्लीत, नाल्याच्या बाजूला. आता २२०० फुटांची जागा कोण घेणार? वाणी? पोळी-भाजीवाली बाई? ती जागा बँक घेऊ शकते, सोन्याची पेढी घेऊ शकते, कपड्यांची किंवा किराण्याची साखळी घेऊ शकते. म्हणजे या रस्त्यावर कोण येणार हे गिऱ्हाइकाने ठरवलंच नाही. नकाशात दोन भिंती आखायच्या राहिल्या, तिथेच ते ठरलं.

दुसरी गोष्ट मधल्या वर्षांची. आम्हा फ्लॅटवाल्यांना दरमहा भाडं मिळत होतं, आम्ही पेंडसेनगरात जाऊन आरामात राहिलो. गाळ्याच्या मालकांनाही भाडं मिळालं. पण गिऱ्हाइकाला कोण भाड्याने ठेवणार? चार वर्षांत लोकांचे पाय दुसऱ्या दुकानांकडे वळले, फोनवरून सामान मागवायची सवय झाली. वाण्याने शेवटी गाळ्याऐवजी पैसे घेतले आणि मुलुंडला मुलाकडे गेला. त्याला दोष देऊ? मुलगा सीए झालाय, बापाने साठीनंतर तुरीच्या डाळीची पोती का उचलावीत?

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त लागली. इस्त्रीवाला आणि पोळी-भाजीवाल्या बाई गाळ्याचे मालकच नव्हते. अकरा-अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरूचा हक्क नाही, नुसती ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची परवानगी. बाई तिथे सोळा वर्षं होत्या. पुनर्विकासाच्या कागदात त्यांचं नाव कुठेच नाही, कारण कायद्याच्या लेखी त्या तिथे कधी नव्हत्याच. राज्याचा १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा काढून वाचा. त्याचं संरक्षण बँकांना, बहुराष्ट्रीय कंपन्यांना आणि एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना मिळत नाही. म्हणजे मोठा कोण, छोटा कोण हा फरक कायद्याला कळतो. पण लीव्ह अँड लायसन्सवाला छोटा असला तरी त्या छत्रीखाली येत नाही, आणि आज नवीन दुकान घेणारा जवळजवळ प्रत्येक जण लीव्ह अँड लायसन्सवालाच असतो. भाडं दुकानाला कसं खातं हे मोठ्यांना बरोबर माहीत असतं. डी-मार्टवाले पवईला २००२ मध्ये पहिलं दुकान टाकल्यापासून शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेतच धंदा करतात. त्यांना परवडतं म्हणून. बाईंना कुठून परवडणार?

पोळी-भाजी केंद्र ही डोंबिवलीची खरी खूण आहे असं मी मानतो. बाहेरच्यांना हसू येतं, की घरात पोळ्या करत नाही का तुम्ही? अहो, नवरा फोर्टला, बायको अंधेरीला, दोघं आठच्या पुढे स्टेशनवर उतरणार. रिक्षाच्या रांगेत उभं राहण्याआधी सहा पोळ्या आणि पाव किलो मटकीची उसळ घेतली की रात्र निभावते. हा धंदा लोकलच्या वेळापत्रकातून जन्मलेला आहे. बाई शेवटच्या गिऱ्हाइकासाठी थांबायच्या. मेगाब्लॉक असला की पोळ्या जास्त लाटून ठेवायच्या. हे त्यांना कुठल्याही हेड ऑफिसने सांगितलं नव्हतं.

माझा आतेभाऊ सॅन फ्रान्सिस्कोला असतो. त्याच्याशी बोलताना कळलं की तिथे २००६ मध्ये लोकांनी मतदान करून ठरवलं, वस्तीतल्या बाजारपेठेत साखळीचं दुकान उघडायचं तर आधी नियोजन आयोगापुढे सुनावणी घ्यायची आणि शेजारपाजाऱ्यांचं ऐकायचं. साखळी कशाला म्हणायचं तर ज्यांची अकरा किंवा जास्त दुकानं आहेत त्यांना. बंदी नाही, फक्त विचारायचं. (त्या हिशोबाने आपले चितळेसुद्धा साखळी ठरतील, आणि पूर्वी ते दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायचे तेव्हा त्या वेळच्या सुनावणीला कोण हजर राहिलं असतं हा प्रश्नच आहे.) आपल्याकडे असा नियम लगेच होईल असं मला वाटत नाही, आणि झाला तरी त्याचा दाखला मिळवायचा भाव आठवड्याभरात ठरेल. म्हणून मी महापालिकेकडून फार अपेक्षा ठेवत नाही. तळमजल्याचा नकाशा मात्र सोसायटीच्या हातात असतो, निदान सह्या होईपर्यंत तरी. पुढच्या बाजूला दोन छोटे गाळे ठेवा, ते एकत्र करता येणार नाहीत अशी अट करारात घाला, जुन्या भाडेकरूला पहिली विचारणा करा. विकासकाला यात तोटा आहे, तो चटईत कापून घेईल. प्रत्येक घरामागे पाच-सात चौरस फूट जातील. आमच्या समितीत मी हे मांडलं असतं तर पास झालं असतं का? बहुतेक नाही. पण मी मांडलंच नाही.

बाई परत आल्या आहेत. झेरॉक्सवाल्याने मागच्या गल्लीतला गाळा त्यांना दिलाय, भाडं पूर्वीच्या दीडपट. नाल्याचा वास येतो, स्टेशनवरून येणाऱ्याच्या वाटेत तो गाळा पडत नाही, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक तुटलं. इस्त्रीवाला जिन्याखाली बसायचं म्हणत होता, आमच्याच नव्या कमिटीने लॉबीची शोभा जाते म्हणून नको सांगितलं. टेलर घरून शिवतो. परवा रात्री बाईंकडे गेलो तर त्यांनी सहाऐवजी चारच पोळ्या बांधल्या. म्हटलं, अहो दोन राहिल्या. म्हणाल्या, "ताई पुण्याला गेली ना सोमवारी? तुम्ही दोघंच. उगाच शिळ्या होतात."

शेजारच्या सोसायटीची विशेष सभा या रविवारी साडेदहाला गच्चीवर आहे, विकासक नेमायचा आहे. त्यांच्या सेक्रेटरीने मला अनुभव सांगायला बोलावलंय. त्यांच्याही खाली सात गाळे आहेत, त्यात एक सायकल दुरुस्तीचा, एक दूध-डेअरीचा. मी म्हटलं, येतो, पण नकाशाची पूर्ण प्रत काढून ठेवा. त्याने विचारलं, "पूर्ण कशाला, फ्लॅटचे प्लॅन सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत की."