डबा डोंबिवलीत, पत्ता ॲमस्टरडॅमचा

आमच्या हॉलमधल्या शोकेसच्या खालच्या कप्प्यात, लेकीच्या चित्रकलेच्या ढालीशेजारी, एक काळा डबा आहे, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली साठवणारा छोटा संगणक. आत 4 टीबीच्या दोन डिस्क. दोन्हींवर तोच मजकूर, एक गेली तरी दुसरी आहेच. लग्नाचे फोटो, विम्याच्या पावत्या, लेकीची स्नेहसंमेलनं, सगळं त्यात. रात्री डिस्क खरखरायला लागल्या की आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाई म्हणतात, "उंदीर झालेत हो."

दोन वर्षं हा डबा गुण्यागोविंदाने नांदला. मग गणपतीत भाचा आला.

"मामा, तू यावर टोरंट नाही लावलंस?"

टोरंट म्हणजे मोठ्या फाइली अनेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्याने उतरवून घ्यायची सोय. ती लावून उतरवायचं काय, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पण मोदक खाल्लेल्या माणसाला प्रश्न पडत नाहीत.

"कंटेनरमध्ये टाक आणि व्हीपीएनमधून चालव. अर्ध्या तासाचं काम आहे," असं म्हणून भाचा पुण्याला निघून गेला. संगणकवाल्यांचा अर्धा तास आणि सुताराचं 'उद्या येतो' ही एकाच घड्याळातली वेळ.

व्हीपीएन म्हणजे बोगदा. आपली इंटरनेटची ये-जा त्यातून दुसरीकडच्या सर्व्हरवर जाते, आणि जगाला पत्ता तिकडचा दिसतो. कंटेनर म्हणजे प्रत्येक प्रोग्रामचं वेगळं बिऱ्हाड. ज्याचा त्याचा पसारा ज्याच्या त्याच्या खोलीत, शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला जायचं नाही. ही बिऱ्हाडं मांडतो डॉकर नावाचा प्रोग्राम, आणि कोणाला काय द्यायचं ते एका यॅमल फाइलमध्ये लिहून द्यायचं. ही फाइल म्हणजे दुसरीतल्या बाईंची दुरेघी वही. अक्षर कसंही असो, समास चुकला की लाल रेघ! समासही टॅबने सोडलेला चालत नाही, एकेक स्पेस मोजून सोडायची. एक ओळ दोन घरं आत असायला हवी होती, ती तीन घरं आत गेली. बायको दोनदा जेवायला बोलावून गेली, मी पडद्याला नाक लावून मोकळ्या जागा मोजत होतो. जे नाहीच ते मोजायला डोळे फार लागतात.

फाइल सुधारल्यावर कळलं की डब्यात व्हीपीएनच्या बोगद्याचं दारच उघडलेलं नाही. डबा चालू झाला की दर वेळी ते उघडावं म्हणून वेगळी ओळ लिहिली. मग देश निवडायचा होता. जवळचा बरा म्हणून भारत घ्यायला गेलो, तर ग्राहकांच्या नोंदी 5 वर्षं ठेवायचा नियम 2022 मध्ये आल्यावर बऱ्याच व्हीपीएन कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले होते, आणि काहींचा 'भारत' आता सिंगापुरात असतो. नेदरलँड्स घेतलं.

आता मुख्य गोष्ट. टोरंटच्या कंटेनरला स्वतःचं नेटवर्क द्यायचंच नाही, त्याने व्हीपीएनच्या कंटेनरचं नेटवर्क वापरायचं. थोडक्यात, घरजावई. त्याला स्वतःचं दार नाही. येणंजाणं सासऱ्याच्या दारातून, म्हणजे टोरंटचं पान ज्या क्रमांकाच्या दारातून उघडतं, तो 8080 हा पोर्टसुद्धा सासऱ्याच्या नावावर उघडायचा. मी तो जावयाच्या नावावर लिहिला होता. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. दार उघडल्यावर पासवर्ड हवा, आणि तो लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या रोजनिशीत, छापून येतो. तो बदलून ठेवला नाही तर पुढच्या वेळी नवा. हे लक्षात येईपर्यंत मी चार पासवर्ड वहीत उतरवले होते, तारखेसकट.

अखेर कंटेनरच्या आत शिरून विचारलं, बाबा रे, तुझा पत्ता काय? उत्तर आलं, ॲमस्टरडॅम. डबा डोंबिवलीत शोकेसमध्ये, पत्ता ॲमस्टरडॅमचा. मी बायकोला हाक मारून दाखवलं.

"मग विजेचं बिल तिकडे पाठवा म्हणावं," ती म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

मग परीक्षा. बोगदा कोसळला तर डाउनलोड तिथल्या तिथे थांबायला हवं, घरच्या लाइनवरून एक थेंबही गळता कामा नये. मी व्हीपीएन मुद्दाम बंद केलं. वेग शून्यावर आला आणि मी टाळी वाजवली. इंटरनेट बंद पडलं म्हणून आनंद होण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

आणि उतरवलं काय? डेबियन. म्हणजे लिनक्स. जे कोणीही, कुठूनही, राजरोस, फुकट उतरवावं म्हणून लोक हातात घेऊन उभे आहेत, ते मी बुरखा घालून, मागच्या दाराने, हॉलंडमार्गे आणलं.

"काय आणलंत?" बायकोने विचारलं.

"लिनक्स."

"आणि हा डबा कशावर चालतो?"

"...लिनक्सवर."

ती काही बोलली नाही. फाइल पुसून टाकावी म्हणून गेलो, तर डबा म्हणाला, परवानगी नाही. माझ्या घरात, माझ्या डब्यावर, माझी फाइल! तिथे वापरकर्ता म्हणून माझा नंबर आहे 1026, आणि नमुन्याच्या यॅमल फाइलमधला नंबर जसाच्या तसा उतरवल्यामुळे फाइलची मालकी गेली होती 1000 नंबरकडे. हा 1000 नंबरचा गृहस्थ आमच्या घरात राहतच नाही. अस्तित्वात नसलेल्या माणसाची ना हरकत कुठून आणायची?

तेही निस्तरलं. मग शुक्रवारी लाइट गेले.

परत आले तेव्हा डब्याचा निळा दिवा लागला, पण टोरंट उघडेना. सासूबाई पलीकडच्या खुर्चीत वाती वळत होत्या. मी भाच्याला फोन लावला. त्याने पाच मिनिटांत निदान केलं, आणि मी ते नीट समजलं का हे बघायला मोठ्याने म्हणून दाखवलं:

"म्हणजे सासरा उठायच्या आधीच घरजावई उठला. सासऱ्याशिवाय त्याला कोण विचारतंय? मग आता सासऱ्याला आधी धड उभा करतो आणि जावयाला मागून लाथ घालून उठवतो. आणि सासरा बदलला तर? अच्छा, म्हणजे जावई जुन्याच सासऱ्याच्या पत्त्यावर बसून राहणार. मग त्याला काढून नवा आणायचा. चालेल."

फोन ठेवला. वाती वळायच्या थांबल्या होत्या.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "मी उद्या सकाळच्या गाडीने निघते म्हणते."