गणिताच्या तासाला कादंबरी, पण कोणती?

अमेरिकेतील काही माध्यमिक शिक्षक किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या गणिताच्या तासाला वापरतात. माझा या कल्पनेला पाठिंबा आहे, मात्र एका अटीवर: गणित कथानकातच असले पाहिजे. नायिकेने दहा बाण मारले, त्यांतले सात लागले, तर शेकडेवारी काढा, असली उदाहरणे म्हणजे आंबेवाल्याच्या जागी नायिका बसवणे. त्याने गणित सोपे होत नाही आणि कादंबरीची गोडी मात्र जाते.

सुझन कॉलिन्स यांची २००८ सालची 'द हंगर गेम्स' ही अट पुरी करते. पहिल्याच प्रकरणात सोडतीचा नियम येतो; जिचे किंवा ज्याचे नाव निघेल त्याला जिवावरच्या खेळात उतरावे लागते. बाराव्या वर्षी मुलाच्या नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एकेक वाढते आणि जुन्या चिठ्ठ्या तशाच राहतात, म्हणजे अठराव्या वर्षी सात. गरिबाघरच्या मुलाला मात्र घरातल्या प्रत्येक माणसामागे एक जादा चिठ्ठी टाकून वर्षभराचा धान्य-तेलाचा शिधा घेता येतो, आणि त्या चिठ्ठ्याही साठत जातात. नायिका कॅटनिसच्या घरी तिघी, म्हणून तिच्या नावावर दरवर्षी चारांची भर पडते आणि सोळाव्या वर्षी २० होतात. घरात पाच माणसे असलेल्या तिच्या मित्राच्या, गेलच्या नावावर अठराव्या वर्षी ४२ असतात. ४, ८, १२ आणि ६, १२, १८ या श्रेढी दहावीच्या विद्यार्थ्याला फळ्यावर आयत्या द्याव्या लागत नाहीत; नियम नीट वाचला की तो त्या स्वतःच वहीत मांडू शकतो.

खरी मजा पुढे आहे. दोघांपैकी कोणाचे नाव निघण्याची शक्यता जास्त, असे विचारले तर 'गेल' हे उत्तर चटकन सुचते, कारण ४२ ही २० पेक्षा मोठी संख्या आहे. पण मुलींच्या चिठ्ठ्या एका काचपात्रात असतात आणि मुलांच्या दुसऱ्या, म्हणजे छेदच वेगळे, आणि ते नेमके किती हे माहीत नसताना तुलना करताच येत नाही. याउलट महापौरांची मुलगी मॅज कॅटनिसच्याच वयाची आहे, तिची चिठ्ठीही त्याच पात्रात आहे, आणि तिच्या नावावर पाचांहून अधिक चिठ्ठ्या असणे शक्य नाही, असे गेल मॅजलाच ऐकवतो. येथे एकूण चिठ्ठ्या ठाऊक नसल्या तरी कॅटनिसला धोका निदान चौपट आहे, हे ठामपणे सांगता येते. फासे-नाण्यांच्या उदाहरणांत नमुना अवकाश, म्हणजे सर्व शक्य निकालांची यादी, पाठ करून भागते. येथे तो समजून घ्यावाच लागतो. चौपट हा आकडा शिध्यातून आला आहे, हेही मुलांच्या ध्यानात येते, त्यासाठी गरिबीवर वेगळे व्याख्यान द्यायची गरज पडत नाही.

आणि नाव निघते ते कॅटनिसच्या बारा वर्षांच्या बहिणीचे, प्रिमचे, हजारोंमधल्या तिच्या एकुलत्या एका चिठ्ठीने. मग गणित चुकले का? प्रत्येकीची शक्यता वेगळी पाहिली तर लहान, पण कोणातरी एकीचे नाव निघणार हे निश्चित; या एका मुद्द्यावर मी अख्खा तास खर्ची घालीन.

मार्क हॅडन यांच्या २००३ सालच्या 'द क्युरिअस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' या कादंबरीत प्रकरणांना मूळ संख्यांचे क्रमांक आहेत. ते गमतीचे असले तरी दोन मिनिटांत संपते. परिशिष्टातली काटकोन त्रिकोणाची सिद्धता मात्र नववी-दहावीच्या वर्गात जरूर वाचावी.

अभ्यासक्रम पुरा होत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे, पण संपूर्ण कादंबरी वाचायला कोणीच सांगत नाही. अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता ही दोन्ही प्रकरणे दहावीच्या गणित भाग १ मध्येच आहेत, त्यामुळे उजळणीच्या तासाला पहिल्या प्रकरणाचा मराठी गोषवारा पुरतो. कथेत मुले मुलांना मारतात, हे पालकांना आधी सांगितलेले बरे. चाचणीत पात्रांची नावे घालण्यापेक्षा नियमच बदलून द्यावा: जुन्या चिठ्ठ्या दरवर्षी काढून टाकल्या आणि दरवर्षी एक सक्तीची चिठ्ठी व माणशी एक जादा एवढ्याच ठेवल्या, तर पाच माणसांच्या घरातील मुलाच्या नावावर अठराव्या वर्षी किती चिठ्ठ्या उरतील, आणि दरवर्षीच्या आकड्यांची श्रेढी कशी दिसेल?